पंचावन्न गुंठे, पंधरा ओळी : डाळिंबाच्या आखणीच्या नोंदी

३ मे २०२४

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जमा केले आणि माहेरी आले. गाव सांगोला तालुक्यातलं. दादाने डाळिंबाची जुनी बाग दोन वर्षांपूर्वी मर रोगापायी काढून टाकली. तेव्हापासून त्या रानात ज्वारी आणि मका. आता तिथेच पुन्हा डाळिंब लावायचं आहे, भगवा जातीचं. गुटी कलमं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली रोपं) जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळतील, असं रोपवाटिकेने सांगितलंय.

जुन्या बागेत ओळी बारा फुटांवर होत्या. झाडं मोठी झाल्यावर फांद्या एकमेकींत शिरल्या, ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणीचं यंत्र) आत जाईना, पावसाळ्यात हवा खेळेना आणि तेल्या रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जात राहिला. म्हणून या वेळी शिफारशीप्रमाणे दोन ओळींत साडेचार मीटर आणि दोन झाडांत तीन मीटर. दादाचं एकच सांगणं आहे, "साडेचार म्हणजे साडेचार. कुठंही चार झालं नाही पाहिजे."

अडचण रानाच्या आकाराची आहे. दक्षिणेचा बांध सरळ पूर्व-पश्चिम, पण पाणंदीकडचा उत्तरेचा बांध तिरका. जमिनीचा उतार या उत्तरेच्या बांधाकडून खाली आहे. ओळी त्या बांधाला समांतर घेतल्या तरच त्या उताराला आडव्या येतील आणि पावसाचं पाणी बेडला, म्हणजे ओळीखालच्या मातीच्या उंचवट्याला, अडेल. मागच्या वेळी अंदाजाने दोऱ्या धरल्या होत्या. प्रत्येक दोरी आधीच्या दोरीवरून घेतलेली, त्यामुळे शेवटच्या ओळी पंख्यासारख्या उघडल्या. ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

या वेळी आखणी मी अंगावर घेतली आहे. प्रत्येक ओळीला सुतळी लागण्याआधी तिचं समीकरण लिहिलेलं असेल. सोबत भाची. ती यंदा दहावीला जाईल, चढ तिला याच वर्षी शिकायचा आहे.

४ मे

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड हा आरंभबिंदू. दक्षिणेचा बांध हा क्ष-अक्ष. य-अक्षासाठी काटकोन हवा. गवंडी ३-४-५ ने गुण्या साधतात, आम्ही तिप्पट घेतलं : ९, १२ आणि १५ मीटर. त्रिकोण जितका मोठा तितकी हाताची चूक लहान होते. पहिल्यांदा कर्ण १५ मीटर ६ सेंमी आला. खुंटी हलवून पुन्हा मोजला, मग बरोबर बसला.

पश्चिमेचा बांध थोडा आत झुकलेला असल्यामुळे य-अक्ष वर जाता जाता आपल्या रानाबाहेर पडतो. म्हणून कामाची उभी रेषा चार मीटर आत घेतली : क्ष = ४. पूर्वेकडे तशीच दुसरी : क्ष = ७८. या दोन्ही य-अक्षाला समांतर. नववीच्या पुस्तकातली ही दोन बिनकष्टाची समीकरणं, आणि पुढचं सगळं काम यांच्यावरच उभं राहणार आहे. ट्रॅक्टर वळायला दोन्ही टोकांना जागा लागते, तीही यातून सुटली.

दोन उभ्या रेषा खरोखर समांतर आहेत का, हे कर्णाने तपासलं. (४, ०) पासून (७८, ४०) पर्यंतचं अंतर ७४ चा वर्ग अधिक ४० चा वर्ग याचं वर्गमूळ, म्हणजे ८४.१२ मीटर. शंभर मीटरच्या टेपवर ८४.१५ भरलं. दुसरा कर्ण ८४.१०. उन्हात लोंबणाऱ्या टेपवर याहून जास्त मागणं बरोबर नाही.

आजोबांच्या वेळी मोजणीला ३३ फुटांची साखळी यायची, सोळा आण्यांत वाटलेली. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. दादा अजूनही मीटर ऐकतो आणि मनात फूट करतो.

५ मे

उत्तरेच्या बांधाची मापं. वायव्येचा कोपरा अ (२, ५८). ईशान्येचा कोपरा ब (८२, ८२).

चढ = (८२ − ५८) ÷ (८२ − २) = २४ ÷ ८० = ३/१०.

हा चढ नकाशावरचा, जमिनीच्या उताराशी त्याचा संबंध नाही. भाचीने लगेच विचारलं म्हणून इथे लिहून ठेवते. पूर्वेकडे दहा मीटर चाललं की बांध उत्तरेला तीन मीटर सरकतो, एवढाच त्याचा अर्थ.

दोन बिंदूंवर थांबायचं नाही, असं वर्गात मी नेहमी सांगते. म्हणून बांधाच्या मध्यावर, लिंबाच्या झाडापाशी, तिसरा बिंदू घेतला : क (४२, ७०.६). अक चा चढ १२.६ ÷ ४० = ०.३१५. कब चा चढ ११.४ ÷ ४० = ०.२८५. चढ सारखे नाहीत, म्हणजे तीन बिंदू एकरेषीय नाहीत. बांधाला लिंबापाशी पोट आलं आहे, बाहेरच्या बाजूला. भाचीला पुस्तकातलं 'एकरेषीय आहेत की नाहीत ते ठरवा' हे उदाहरण पायाखाली सापडलं.

ओळी बांधाच्या पोटाला धरून घ्यायच्या नाहीत. अ आणि ब यांना जोडणारी सरळ रेषा हाच आमचा बांध.

य − ५८ = ३/१० (क्ष − २)
१०य − ५८० = ३क्ष − ६
३क्ष − १०य + ५७४ = ०

ताळा : ब घातला, २४६ − ८२० + ५७४ = ०. बरोबर.

६ ते ८ मे

निवडणुकीची ड्यूटी. सात तारखेला मतदान, आठला दुपारपर्यंत झोप. काम नाही.

९ मे

आज खुंट्या मारल्या. बांधाची रेषा क्ष = ४ वर य = ५८.६ ला येते. तिथून चार मीटर खाली पहिली ओळ, मग दर साडेचार मीटरवर पुढची. पूर्वेच्या क्ष = ७८ रेषेवरही अगदी तसंच. दोन्हीकडे सारखंच अंतर उतरलं, म्हणजे चढ ३/१० च राहिला, म्हणजे रेषा समांतर. य = ०.३क्ष + क या रूपात फक्त क बदलत जायचा.

संध्याकाळपर्यंत सहा ओळींच्या सुतळ्या ताणून झाल्या. हिशोबाने बारा ओळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण बसतात. दादाच्या अंदाजाने अकराच बसायच्या. एक ओळ जास्त मिळाली म्हणून तो खूश, वहिनीने चहाबरोबर भजी केली.

१० मे, अक्षय तृतीया

सकाळी पूजा, पुरणपोळी, आमरस. दादाने हळदकुंकू लावून पहिली खुंटी पुन्हा ठोकली. मुहूर्ताची.

दुपारी भाची टेप घेऊन सुतळ्यांमध्ये उभी होती. टेपची कडी तिने पहिल्या ओळीच्या सुतळीला अडकवली आणि दुसरं टोक खालच्या सुतळीवरून हळूहळू पूर्वेकडे सरकवत गेली. तिच्या अंगठ्याखालचे आकडे मी बघत होते. नाकासमोर खाली, ४.५०. अर्ध्या मीटरहून थोडं पुढे, ४.३७. सव्वा मीटर पुढे, ४.३१. आणखी पुढे गेली तर आकडा पुन्हा चढायला लागला, ४.३७. "आत्या, इथं तर अंतर कमी आहे."

ती म्हणाली ते खरं होतं. समांतर रेषांतलं अंतर म्हणजे लंब अंतर, आणि लंब म्हणजे सगळ्यांत लहान आकडा. मी साडेचार मीटर मोजले ते य-अक्षाच्या दिशेने. रेषा तिरक्या असतील तर ते अंतर तिरकंच पडतं. वर्गात वर्षानुवर्षं 'क बदला की समांतर रेषा मिळते' असं सांगत आले. ते चूक नाही. पण क किती बदलला की रेषा किती सरकते, हे मी फळ्यावर कधी सुतळीने ताणून बघितलं नव्हतं.

दर ओळीला १९ सेंमीची चोरी. दहा ओळींनंतर जवळजवळ दोन मीटर. कालची जास्तीची बारावी ओळ यातूनच आली होती.

दादाला सांगितलं. तो थोडा वेळ सुतळ्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग काढ. पाच वर्षांनी फांद्या काढण्यापेक्षा आज खुंट्या काढू." सहाही ओळी उपटल्या. मुहूर्ताची खुंटी तेवढी राहू दिली.

११ मे

आज फक्त वही. भाचीचा त्रिकोणमितीत अजून हात बसायचा आहे, म्हणून समरूप त्रिकोणांनी केलं, तेही अंगणात फरशीवर खडूने.

वरच्या ओळीवर प हा बिंदू. प पासून सरळ खाली गेलं की खालच्या ओळीवर फ मिळतो. प पासून लंब टाकला की त्याच ओळीवर भ मिळतो. पभफ हा काटकोन त्रिकोण. दुसरा त्रिकोण चढाचा : दहा आडवे, तीन उभे, कर्ण √(१०० + ९) = √१०९ = १०.४४. दोन्ही त्रिकोण समरूप आहेत. म्हणून पभ : पफ = १० : १०.४४. कर्णावरून साडेचार मीटर मोजले तर लंब ४.५ × १० ÷ १०.४४ = ४.३१ होतो. भाचीच्या अंगठ्याखालचा आकडा फरशीवर आला तेव्हा तिने तो गोल करून ठेवला. मलाही फार बरं वाटलं.

आता उलट. लंब साडेचार हवा, तर उभं अंतर ४.५ × १०.४४ ÷ १० = ४.६९८ मीटर.

समीकरणात हेच फार देखणं दिसतं. ३क्ष − १०य + क = ० या कुटुंबातल्या सगळ्या रेषांत ३ आणि −१० तसेच राहतात, त्यांतच रेषेची दिशा आहे. बदलतं ते फक्त स्थिरपद. दोन रेषांतलं अंतर म्हणजे त्यांच्या स्थिरपदांतला फरक भागिले √१०९. म्हणून ओळ साडेचार मीटर सरकवायची तर स्थिरपद ४.५ × १०.४४ = ४६.९८ ने बदलायचं. बांधापासून चार मीटर आत यायचं तर ४१.७६ ने.

वाढवायचं की कमी करायचं, यावर भाची अडली. आरंभबिंदू रेषेच्या खाली आहे, आणि तिथे ३क्ष − १०य + ५७४ ची किंमत ५७४ येते, म्हणजे धन. खालच्या बाजूला किंमत धन, बाजूच्या पाणंदीत ऋण. खालच्या बिंदूवर ती शून्य करायची तर तेवढं स्थिरपदातून वजा करावं लागतं, म्हणून ओळ खाली उतरत आली की स्थिरपद लहान होत जाणार. ताळ्यासाठी लिंबापाशचा क बिंदू घातला : १२६ − ७०६ + ५७४ = −६. ऋण, म्हणजे रेषेच्या बाहेर. ६ ÷ १०.४४ = ०.५७. बांधाचं पोट ५७ सेंमी बाहेर आहे, हे कळायला पुन्हा रानात जावं लागलं नाही.

पहिली ओळ : ३क्ष − १०य + ५३२.२४ = ०. पुढच्या प्रत्येक ओळीला ४६.९८ वजा.

१३ मे

बोअर राहिलाच होता. रानाच्या मधोमध बोअरची केसिंग (पाइप) वर आलेली आहे. ती दोन ओळींच्या मध्ये आली तर ट्रॅक्टरला कायमची आडवी. ओळीतच आली तर एक झाड सोडायचं, बस.

बोअर (३८.५, ३२.२) वर आहे. त्यातून जाणारी, बांधाला समांतर रेषा काढायची. पुस्तकातलं अगदी ठरलेलं उदाहरण : दिलेल्या बिंदूतून जाणारी, दिलेल्या रेषेला समांतर रेषा. कुटुंब तेच, बिंदू घालून क शोधायचा.

११५.५ − ३२२ + क = ०
क = २०६.५

आठव्या ओळीचं स्थिरपद ५३२.२४ − ७ × ४६.९८ = २०३.३८. फरक ३.१२, भागिले १०.४४, म्हणजे ३० सेंमी. बोअर आठव्या ओळीच्या फक्त तीस सेंमी वर. नशीब चांगलं. मीटर-दीड मीटरचा फरक असता तर सगळा मांड पुन्हा करावा लागला असता.

सगळं कुटुंबच ३.१२ ने वर उचललं. पहिली ओळ आता ३क्ष − १०य + ५३५.३६ = ०, आठवी बरोबर बोअरमधून, आणि बांधापासूनचं अंतर चारऐवजी ३.७० मीटर. ब्लोअर जाईल का? दादाने ट्रॅक्टर नेऊन बांधालगत चालवून पाहिला. जातो.

१४ मे

तक्ता. क्ष = ४ घातलं की य = (१२ + क) ÷ १०, क्ष = ७८ घातलं की य = (२३४ + क) ÷ १०. दर ओळीला दोन आकडे, दोन खुंट्या.

पहिली ओळ : पश्चिमेला ५४.७४, पूर्वेला ७६.९४.
आठवी : २१.८५ आणि ४४.०५.
अकरावी : ७.७६ आणि २९.९६.

दोन्हीकडच्या आकड्यांत कायम २२.२ चा फरक. तो चुकला की ओळ चुकली, हा भाचीने शोधलेला ताळा.

गड्यांना आज एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : प्रत्येक खुंटी शून्यापासून मोजायची, मागच्या खुंटीपासून नाही. मागच्या खुंटीपासून मोजलं तर दरवेळची दोन सेंमीची चूक साठत जाते, आणि जुन्या बागेत तेच झालं होतं. शून्यापासून मोजलं तर चूक त्या खुंटीपुरती राहते.

१६ मे

सकाळी सहाला सुरुवात, दहाला ऊन असह्य झालं, पुन्हा साडेचारनंतर. अकराही पूर्ण ओळींच्या सुतळ्या ताणून चुन्याची फक्की मारली. सुतळी लांब असल्यामुळे वाऱ्याने मध्येच पोट धरत होती, म्हणून मधल्या दोन जागी आधाराच्या खुंट्या दिल्या. त्यांचे बिंदूही समीकरणातूनच काढले. भाची मोबाइलवर क्ष घालून य सांगायची, मी टेप धरायचे.

आठवी ओळ ताणली तेव्हा सुतळी बोअरच्या केसिंगला घासून गेली. तिथे आम्ही दोघी काही वेळ उभ्याच राहिलो.

मग टेप पुन्हा तसाच फिरवला, लहानात लहान आकडा शोधत, पाच ठिकाणी : ४.५१, ४.४९, ४.५०, ४.५२, ४.५०.

१८ मे

दक्षिणेच्या बाजूचा तिरका कोपरा. बारावी ओळ पश्चिमेच्या टोकापर्यंत नेली तर दक्षिणेच्या बांधाला फार जवळ जाते. म्हणून बाराव्या ओळीपासून पुढे ओळी अपुऱ्या. दक्षिणेच्या बांधापासूनही चार मीटर सोडायचे, म्हणजे य = ४ ही रेषा जिथे ओळीला छेदते तिथून ओळ सुरू. क्ष = (४० − क) ÷ ३.

बारावी (क = १८.५८) ७.१४ पासून, तेरावी (−२८.४०) २२.८ पासून, चौदावी (−७५.३८) ३८.४६ पासून, पंधरावी (−१२२.३६) ५४.१२ पासून. सोळाव्या ओळीत तीनच झाडं बसतात. तीन झाडांसाठी नळी ओढायची नाही, असं दादाने ठरवलं. तो कोपरा वहिनीने वैरणीला मागून घेतला.

झाडं मोजली. पूर्ण ओळीची लांबी ७४ × १.०४४ = ७७.२६ मीटर, तीन मीटरवर २६ झाडं. अकरा ओळींची २८६. पुढच्या चार ओळींत २५, २०, १४ आणि ९. एकूण ३५४, त्यातलं एक बोअरसाठी सोडलं. ३५३. दादाने नांग्यांसाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, थोडी जास्त धरून ३७० कलमं सांगितली.

ठिबकची नळीही याच वहीतून निघाली : पंधरा ओळी मिळून १०४८ मीटर. दर ओळीला दोन नळ्या टाकायच्या, म्हणजे २१०० च्या आसपास. दुकानदाराने एकराच्या हिशोबाने सांगितलेला आकडा यापेक्षा बराच मोठा होता. तिरक्या रानाला एकराचा हिशोब लागत नाही.

२० मे

आडव्या दिशेनेही झाडं एका रेषेत यायला हवीत का, हा माझा प्रश्न. त्यासाठी लंब रेषांचं दुसरं कुटुंब आहे, १०क्ष + ३य + क = ०. गुणकांची अदलाबदल आणि एक चिन्ह बदललेलं. मी अर्धं पान भरलंही. पण दादाने सांगितलं, डाळिंबात आडवी मशागत नाही, ट्रॅक्टर एकाच दिशेने फिरतो. पान तिथेच सोडलं. भाचीने मात्र ते आपल्या वहीत उतरवून घेतलं.

२५ मे

ट्रॅक्टरने फक्कीवर बेड ओढले, शेणखत मिसळलं. चालकाला सांगितलं होतं, पुढचं चाक फक्कीवर ठेव, आधीच्या बेडकडे बघू नकोस. तेरावी ओळ थोडी वाकली, फावड्याने सरळ केली.

९ जून

गेल्या तीन दिवसांत दोन पाऊस. बेडच्या वरच्या अंगाला पाणी सारखं अडलेलं दिसलं, कुठेही फोडून वाहिलं नाही. दुपारी टेम्पो आला. पहिल्या पाच ओळी आज लागल्या.

भाचीने प्रत्येक ओळीच्या पश्चिमेच्या खुंटीवर रंगाने ओळीचा नंबर आणि खाली स्थिरपद लिहिलं आहे. दादाने विचारलं, दुसरा आकडा कशाला? ती म्हणाली, खुंटी मोडली तर याच्यावरून परत त्याच जागी लावता येईल.

१२ जून

शाळा शनिवारी उघडते, उद्या निघायचं. शेवटच्या चार ओळी आज पूर्ण. पंधराव्या ओळीतलं नववं कलम भाचीने लावलं आणि टेप घेऊन चौदाव्या ओळीपर्यंत लंब मोजला : ४.५०. बोअरच्या जागी एक झाड सोडलं तिथे वहिनीने झेंडू टोचला आहे. खालच्या कोपऱ्यात वैरणीची मका पेरून झाली.